पार्टिशन काढल्याने होणारा बूट बिघाड

हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील एखादे पार्टिशन (विभाग) काढून टाकल्यानंतर संगणकाला वीज मिळते, पंखा फिरतो, निर्मात्याचे बोधचिन्हही दिसते. मात्र विंडोज वा लिनक्स ही संचालन प्रणाली सुरू होत नाही, असा हा बिघाड होय. पडद्यावर 'नो सच पार्टिशन', 'बूटएमजीआर इज मिसिंग' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' यांसारखा संदेश दिसतो. यात यंत्राचा कोणताही भाग निकामी झालेला नसतो आणि डिस्कवरील माहितीही बहुधा शाबूत असते. ती नष्ट होते ती प्रामुख्याने घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे.

कारण

डिस्कचे विभाग कोठे सुरू होतात व कोठे संपतात, याची नोंद पार्टिशन तक्त्यात असते. जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो. त्यातील ४४६ बाइट बूट संकेतासाठी, ६४ बाइट चार नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळखचिन्हासाठी राखलेले असतात. नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते.

पार्टिशन 'पुसले' असे बोलीत म्हटले जाते, पण ते दिशाभूल करणारे आहे. पुसली जाते ती केवळ नोंद. सातबाऱ्यावरील नोंद खोडली म्हणून शेतातील पीक नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. मात्र जागा मोकळी समजून तिथे दुसऱ्याने नांगर घातला, तर आधीचे पीक उरत नाही.

ग्रबचे उदाहरण

सर्वाधिक आढळणारा प्रकार एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली असताना घडतो. लिनक्स बसवताना ग्रब हा बूटलोडर आपला पहिला अंश एमबीआरमध्ये आणि पुढचा अंश त्यालगतच्या रिकाम्या सेक्टरांत ठेवतो. उरलेले विभाग व मांडणीची धारिका मात्र लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतात. पुढे लिनक्स नको म्हणून विंडोजमधून ते पार्टिशन काढले, की पहिला अंश जागेवर राहतो आणि दुसऱ्याचा शोध घेत 'ग्रब रेस्क्यू' या सूचकावर अडकतो. विंडोज मुळीच बिघडलेले नसते. त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी तुटलेली असते. सी-डॅकने विकसित केलेली व मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली असल्याने तिच्या बाबतीतही हाच अनुभव येऊ शकतो.

एमबीआर डिस्कवर विंडोजच्या संस्थापन डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, दुरुस्तीच्या पर्यायातील कमांड प्रॉम्प्टवर 'बूटरेक' ही आज्ञा 'फिक्सएमबीआर' या पर्यायासह दिली जाते. ती बूट संकेत नव्याने लिहिते, पार्टिशनच्या नोंदींना हात लावत नाही. एवढे करूनही विंडोज सुरू न झाल्यास 'सक्रिय' खूण तपासावी लागते. ग्रबला या खुणेची गरज नसते, विंडोजच्या बूट संकेताला असते. म्हणून ती योग्य पार्टिशनवर नसेल तर 'डिस्कपार्ट'ने लावावी लागते. अनेक दुरुस्त्या याच टप्प्यावर अर्धवट सोडल्या जातात.

युईएफआय असलेल्या संगणकात काम सोपे असते: फर्मवेअरच्या बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या स्थानी आणणे बहुधा पुरते. लहानसे ईएफआय पार्टिशनच काढले गेले असेल, तर ते पुन्हा तयार करून फॅट३२ स्वरूपात फॉरमॅट करतात आणि 'बीसीडीबूट' आज्ञेने बूट धारिका त्यात उतरवतात. बिटलॉकर चालू असल्यास अशा बदलांनंतर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते; ती हाताशी नसेल तर डिस्क वाचता येत नाही.

माहितीची सुटका

भिवंडीसारख्या यंत्रमाग आणि गोदामांच्या शहरात या बिघाडाचे गांभीर्य संगणकाच्या किमतीवर ठरत नाही. मजुरीवर विणकाम करणाऱ्या कारखान्यात व्यापाऱ्याकडून सूत किती आले, सायझिंगहून बिमे किती मिळाली, ताके किती मीटरचे उतरले आणि मजुरी किती येणे आहे, हा सगळा हिशेब एकाच संगणकावर असू शकतो. मालाच्या वाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल आंतरराज्य मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून बंधनकारक झाले. ते शासकीय संकेतस्थळावर तयार होत असल्याने दुसऱ्या संगणकावरून काढता येते आणि गाडी अडत नाही. हिशेबाच्या वह्यांचे तसे नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्यांची प्रत अन्यत्र नसेल, तर ती डिस्क हाच एकमेव पुरावा ठरतो.

त्यामुळे दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने संगणक सुरू करून आधी हिशेबाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. टॅलीसारख्या लेखाप्रणालीतील कंपनीची माहिती एका फोल्डरमध्ये असते, तेवढे पूर्ण उचलले तरी काम भागते. हिशेब असलेले पार्टिशनच काढले गेले असल्यास संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन तिच्यावर 'टेस्टडिस्क' हे मुक्त सॉफ्टवेअर चालवतात. हरवलेल्या पार्टिशनच्या खुणा शोधून ते तक्त्यातील नोंद पुन्हा लिहू शकते. एनटीएफएस पार्टिशनच्या शेवटी त्याच्या बूट सेक्टरची प्रत असते, तिचाही उपयोग होतो.

'फॉरमॅट मारून विंडोज टाकणे' हा दुकानातील सर्रास उपाय येथे सर्वांत घातक आहे. हार्ड डिस्कवर नव्या धारिका जिथे लिहिल्या जातात तेवढाच भाग जातो, उरलेला कधीकधी परत मिळतो. एसएसडीवर फॉरमॅट करताना ट्रिम आज्ञा दिली गेल्यास मोकळ्या ठरवलेल्या जागेतील जुनी माहिती ड्राइव्ह स्वतःच पुसून टाकते, आणि त्यानंतर टेस्टडिस्कला शोधण्यासारखे काही राहत नाही.