कबुली झाडाखालची

कोनामी कंपनीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’ हा खेळ जपानमध्ये १९९४ साली पीसी इंजिन या गेम कन्सोलवर आला. खेळाडू किरामेकी हायस्कूलचा विद्यार्थी; हाताशी तीन वर्षं. अभ्यास करायचा, तब्येत कमवायची, मुलींना फोन करून भेटी ठरवायच्या. यातली सर्वांत मार्मिक कल्पना मला बॉम्बची वाटते. एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष झालं, की तिच्या नावाशी बॉम्ब दिसू लागतो. तो फुटला, की इतर मुलींचंही मन खेळाडूवरून उतरतं. शेजारची बालमैत्रीण शिओरी फुजिसाकी मिळवायची, तर बाकीच्यांनाही जपावं लागतं. शिओरी तर भलतीच अवघड! सगळं जमलं, तर शाळा संपण्याच्या दिवशी आवारातल्या एका दंतकथेतल्या झाडाखाली मुलगीच प्रेमाची कबुली देते.