चमचाभर शिरका आणि पोटावरची चरबी

वेळापूरपासून सांगोल्यापर्यंत जाताना उसाचे फड मागे पडतात आणि डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. ‘सोलापूर डाळिंबा’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तडकलेल्या फळांना बाजारात भाव नसतो. त्यांच्या रसाचा शिरका, म्हणजेच व्हिनेगर, करता येतो. हा शिरका रोज घेतला की चरबी झडते, असे हल्ली शाळकरी मुलामुलींच्याही कानावर पडते. वर्गात तसा प्रश्न आला तर तो हसण्यावारी नेऊ नये.

शिरका दोन टप्प्यांत होतो. आधी यीस्ट रसातल्या साखरेचे अल्कोहोल करते. त्याला हवा लागत नाही. मग ॲसिटोबॅक्टर जीवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल बनवतात. म्हणून या टप्प्यात भांड्याला झाकणाऐवजी फडके बांधतात. फळ कोणतेही असो, तयार शिरक्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते, आणि चरबीचा सारा दावा मुख्यतः त्याच्यावरच उभा आहे.

दावा अगदीच निराधार नाही. उंदरांना ॲसेटिक आम्ल दिल्यावर यकृतात चरबी जाळणारी विकरे वाढलेली आढळली. माणसात, पिष्टमय जेवणाबरोबर शिरका घेतल्यास रक्तातली साखर थोडी सावकाश चढते. पण वजनाचे काय? जपानमध्ये पावणेदोनशे स्थूल व्यक्तींवर केलेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज १५ किंवा ३० मिलिलिटर शिरका १२ आठवडे घेणाऱ्यांचे वजन एक ते दोन किलो घटले. म्हणजे दिवसाला फार तर २० ते २५ ग्रॅम! शिरका थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू लागले. संशोधक शिरका बनवणाऱ्या कंपनीतले होते, हेही ध्यानात ठेवावे. लेबनॉनमधल्या २०२४ च्या निबंधात सहा ते आठ किलो घट सांगितली होती. त्याची जगभर चर्चा झाली. पण आकडेवारी संशयास्पद ठरल्याने नियतकालिकाने २०२५ मध्ये तो मागे घेतला. ही दुसरी बातमी मात्र फारशी कोणापर्यंत पोहोचली नाही.

गणितही करून पाहावे. १५ मिलिलिटर शिरक्यात आम्ल जेमतेम पाऊण ग्रॅम. ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या यांतला चोथा मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात, तेव्हा याच्या अनेक पट ॲसेटिक आम्ल आपल्या शरीरात रोज तयार होते, तेही फुकट!

धोका आहे तो निराळाच. अंड्याचे कवच शिरक्यात घालून विद्यार्थ्यांना दाखवावे. लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि दोनेक दिवसांत कवच विरघळून नुसता पापुद्रा उरतो. दातांवरचे आवरण कॅल्शियम फॉस्फेटचे असते. ते इतक्या चटकन विरघळत नाही, पण रोजच्या आम्लाने झिजते आणि पुन्हा उगवत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिरका सुरू करू नये. साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते.