संक्षुब्ध ज्वलनाचे संख्यात्मक गणन : सरासरीची अडचण

विमानाचे इंजिन, औष्णिक विद्युत्केंद्राची भट्टी किंवा मोटारीचे सिलिंडर यांतील ज्वलन बहुधा संक्षुब्ध प्रवाहात घडते. अशा प्रवाहाची मूळ समीकरणे ज्ञात आहेत; प्रश्न आहे तो ती सोडविण्याचा. रेनल्ड्स अंक १०,००० असता लहानांत लहान आवर्तांपर्यंतची हालचाल टिपावयाची, तर त्रिमितीय जाळ्यात १०० कोटींच्या घरात बिंदू लागतात. यास्तव यंत्ररचनेच्या कामी बहुधा सरासरी समीकरणांचाच आश्रय घ्यावा लागतो.

परंतु सरासरी घेताच मूलभूत अडचण उद्भवते. रासायनिक विक्रियेचा वेग अऱ्हेनियसच्या नियमानुसार तापमानाबरोबर घातांकी रीतीने बदलतो. समजा, सक्रियण तापमान २०,००० केल्व्हिन असून एखाद्या बिंदूचे तापमान निम्मा काळ १,००० व निम्मा काळ २,००० केल्व्हिन असते. सरासरी तापमान १,५०० केल्व्हिन होय. त्यावरून काढलेला घातांकी गुणक खऱ्या सरासरी गुणकाच्या सुमारे चौदाव्या हिश्शाएवढाच भरतो!

या अडचणीतून निरनिराळे मार्ग निघाले. ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७१ मध्ये ज्वलनाचा वेग आवर्तांच्या विघटनावर अवलंबून मानला. ही रीत सोपी आहे. तथापि रसायनशास्त्र बाजूस सारल्यामुळे ज्योत विझण्याची घटना तीत उमटत नाही. नॉर्बर्ट पेटर्स यांनी १९८४ मध्ये संक्षुब्ध ज्योतीकडे प्रवाहाने ताणलेल्या पातळ, स्तरीय ज्योतींचा समूह म्हणून पाहिले. स्टीफन पोप यांनी १९८५ मध्ये विशद केलेल्या पद्धतीत सरासरीऐवजी संभाव्यता-घनतेचे समीकरण माँटे कार्लो रीतीने सोडविले जाते. येथे प्रत्येक गणिती कणास स्वतःचे तापमान व घटकप्रमाण असते. त्यामुळे विक्रियेच्या पदासाठी गृहीतक लागत नाही.

मात्र अडचण नाहीशी होत नाही, ती स्थलांतर करते. कणाकणांतील रेणवीय मिश्रणासाठी आता प्रतिमान कल्पावे लागते. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत मोजलेल्या मिथेन-हवा ज्योतींच्या मालिकेत हे स्पष्ट होते. जेथे ज्योत ठिकठिकाणी विझून पुन्हा पेटते, अशा वेगवान ज्योतींच्या गणनाचे फलित मिश्रणाच्या प्रतिमानानुसार लक्षणीय बदलते. मोठ्या आवर्तांचे प्रत्यक्ष गणन करणाऱ्या पद्धतीतही विक्रिया जाळ्याच्या घरापेक्षा सूक्ष्म स्तरावर घडत असल्याने हाच प्रश्न उरतो. म्हणून कोणतीही पद्धत स्वीकारण्यापूर्वी तिने गृहीतक कोठे ठेवले आहे, हे अभ्यासकाने प्रथम तपासणे इष्ट होय.