त्रिकोणाचे तीन कोन आणि बंगळूरची पायारेषा

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी, म्हणजे १८० अंश असते, हे प्रमेय युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात सिद्ध केले आहे. सिद्धता सोपी आहे. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी. पायालगतच्या दोन कोनांएवढे व्युत्क्रम कोन शिरोबिंदूपाशी मिळतात आणि तेथील कोनासह ते एक सरळ कोन पूर्ण करतात.

या छोट्याशा सत्याच्या आधारावर भारतभूमीचे मोजमाप झाले. विल्यम लॅम्ब्टन याने १८०० साली बंगळूरजवळ एक पायारेषा पोलादी साखळीने मोजली. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ दुसरी पायारेषा मोजून त्याने तेथून त्रिकोणांची मालिका पश्चिमेकडे नेली. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात; मग त्यांतील एखादी बाजू नव्या त्रिकोणाचा पाया होते. त्यामुळे दऱ्या, नद्या व अरण्ये यांतून साखळी ओढीत नेण्याची गरज उरत नाही.

येथे वाचकाला अशी शंका येईल की, दोन कोन मोजले तर तिसरा आपोआप कळतो. मग तोही मोजण्याचे श्रम कशासाठी? तिसरा कोन हा साक्षीदार आहे, हे त्याचे उत्तर. बेरीज जुळली नाही, तर मोजणीतील चूक तत्काळ उघडकीस येते. एका त्रिकोणातील चूक पुढच्या साऱ्या त्रिकोणांत शिरत असल्यामुळे ही साक्ष मोलाची ठरते.

परंतु निर्दोष मोजणीतही ही बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते; कारण पृथ्वी सपाट नाही. सुमारे ५० किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात हे आधिक्य साडेपाच सेकंद असते. येथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. प्रत्येक कोनातून आधिक्याचा एकतृतीयांश वजा करून त्रिकोण सपाट मानला, तरी बाजूंची लांबी जवळजवळ अचूक येते, असे फ्रेंच गणिती लझांद्र याने दाखवून दिले.

१८०४ साली बंगळूरजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा पुन्हा मोजण्यात आली. मद्रासहून त्रिकोणांच्या मालिकेने काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक पडला. लॅम्ब्टनचे १८२३ साली आजच्या महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्रिकोणांची मालिका मात्र पुढे हिमालयापर्यंत जाऊन पोहोचली.