निवडुंगाचा काटा : लहान जखम, मोठी निष्काळजी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता. आमच्या शाळेची सातवीची सहल नगरजवळच्या चांदबीबी महालावर गेली होती. लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे, हे मी मुलांना सांगत होते. वर जायला गाडीरस्ता आहे, पण मुलांचा हट्ट होता की पायवाटेनेच चढायचे. मीही हो म्हटले.

अर्ध्या वाटेवर एका मुलाचा पाय खडीवरून घसरला. तोल सावरायला त्याने हात टाकला तो थेट फड्या निवडुंगावर. मोठे तीन-चार काटे बोटांत रुतले आणि तळहातभर पिवळट, केसांसारखी बारीक कुसळे भरली. पोरगे रडायला लागले. मी धावले, मोठे काटे नखांनीच ओढून काढले आणि ओढणीच्या पदराने त्याचा हात खसाखसा पुसला.

आज सांगायला लाज वाटत नाही, कारण त्यातूनच मी शिकले. मी त्या पाच मिनिटांत तीन चुका केल्या होत्या. नखांनी ओढताना एक काटा आतच मोडला. पुसल्यामुळे कुसळे आणखी खोल गेली आणि बोटांच्या बेचक्यांत पसरली. आणि तीच ओढणी मी दिवसभर गळ्यात ठेवली, म्हणून रात्री माझ्याच मानेला आग सुटली.

पण खरी चूक चौथी होती. घरी सोडताना मी त्याच्या अम्मीला एवढेच म्हणाले, "काटा लागला होता, काढलाय." त्यांनीही हळद भरली, दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितले म्हणून बिब्ब्याचा चटका दिला. दहा-बारा दिवसांनी वर्गात पाहिले तर मुलगा पेन तीन बोटांऐवजी मुठीत धरून लिहीत होता. उजव्या हाताचे मधले बोट सांध्याजवळ सुजून टरारले होते. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. सोनोग्राफीत दिसले. सांध्यापाशी काट्याचे टोक अडकले होते. छोटे ऑपरेशन करून ते काढावे लागले. मुलगा आता बरा आहे, लिहितो, क्रिकेट खेळतो. फक्त मूठ आवळली की ते बोट बाकीच्यांपेक्षा थोडे मागे राहते.

थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली कुटुंबे डोंगर-किल्ल्यांवर, दर्ग्यांच्या टेकड्यांवर, गावाकडच्या माळरानावर जातात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक नाव, दोन झाडे

आपण मराठीत सरसकट 'निवडुंग' म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या जातीची झाडे येतात. उर्दूत त्यांना दोन नावे आहेत, नागफनी आणि थूहर. हा फरक उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नागफनी म्हणजे फड्या निवडुंग. चपटे हिरवे फडे, त्यावर काटे आणि लाल बोंडे. हा खरा कॅक्टस. तो मूळचा अमेरिका खंडातला, पण आता आपल्या बांधाकुंपणावर घरच्यासारखा झाला आहे. त्याच्या फड्यावर ठिकठिकाणी पुंजके असतात. मोठा काटा डोळ्यांना दिसतो, पण खरा त्रास पुंजक्यातल्या बारीक कुसळांचा. त्यांना उलटे दाते असतात. आत सहज जातात, बाहेर सहज येत नाहीत. ही कुसळे लाल बोंडांवरही असतात. मुले बोंडे तोडून तशीच तोंडात घालतात आणि मग ओठ, जीभ, हिरड्या टोचत राहतात.

थूहर म्हणजे तिधारी निवडुंग किंवा साबर. कड्याकपारीला, किल्ल्यांच्या उतारावर वाढणारे जाड कांड्यांचे झाड. हा कॅक्टस नव्हे. याची फांदी मोडली की दुधासारखा पांढरा चीक निघतो. कुंपणाला लावतात त्या शेराचाही चीक असाच. या झाडांचा काट्यापेक्षा चीक जास्त घातक. कातडीला लागला तर फोड येतात आणि डोळ्यात गेला तर डोळा जखमी होतो.

ओळख साधी आहे. मोडल्यावर दूध निघाले तर आधी चीक धुवायचा, काट्याचे नंतर पाहायचे.

पहिल्या दहा मिनिटांत काय करावे

पहिली गोष्ट, चोळू नका, पुसू नका, तोंडाने काटा ओढू नका. दातांनी काटा काढायची सवय आपल्याकडे फार आहे. कुसळे ओठांत आणि घशात जातात आणि तोंडातले जंतू जखमेत.

निवडुंगाचा फडाच कपड्याला किंवा पायाला चिकटला असेल तर हाताने ओढू नका. फडा आणि कातडी यांच्या मध्ये कंगवा घाला आणि झटक्याने उडवा. कंगवा नसेल तर दोन काड्या वापरा.

मग ज्याला काटा काढायचा आहे त्याने आपले हात साबणाने धुवावेत. पाणी कमी असेल तर सॅनिटायझर चालेल. भुवया कोरायचा बारीक चिमटा यासाठी उत्तम. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावा. काटा कातडीच्या अगदी जवळ धरावा आणि ज्या दिशेने शिरला त्याच रेषेत सरळ बाहेर ओढावा. वाकवला की मोडतो. जखम पिळू नये, त्यानेही मोडतो.

मोठे काटे निघाले की कुसळांकडे वळावे. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ती चमकतात. झुबके दिसतील तेवढे चिमट्याने काढावेत.

उरलेल्या कुसळांसाठी डिंक आणि गॉज

चिमट्यात न येणारी कुसळे राहतातच. त्यासाठी एक घरगुती वाटणारा पण तपासलेला उपाय आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली सशांच्या कातडीवर निवडुंगाची कुसळे टोचून वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. आधी चिमट्याने झुबके काढून मग साधा पांढरा डिंक आणि गॉज वापरले, तेव्हा सुमारे ९५ टक्के कुसळे निघाली. नुसती चिकटपट्टी लावून ओढली तेव्हा त्यापेक्षा बरीच कमी निघाली.

पद्धत अशी. कागद-लाकडाला वापरतो तो फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक त्या जागेवर पातळ पसरावा. वर गॉजचा एकपदरी तुकडा हलकेच दाबावा. अर्धा तास पूर्ण वाळू द्यावे. मग एका कडेने सावकाश सोलावे. गरज पडली तर पुन्हा करावे. हे डोंगरावर नव्हे, घरी किंवा मुक्कामी निवांतपणे करायचे काम आहे.

दोन सावधगिऱ्या. झटकन चिकटणारा फेविक्विकसारखा डिंक कधीही वापरू नये, तो कातडीच धरून ठेवतो. आणि डोळ्यांजवळ, ओठांवर किंवा उघड्या जखमेवर डिंक लावू नये.

त्या वेळी अंगावर असलेले कपडे, रुमाल, ओढणी वेगळे धुवावेत. माझ्या मानेने हा धडा शिकवला आहे.

जखम स्वच्छ ठेवणे

काटा निघाला म्हणजे काम संपले असे नाही. काट्यावर माती असते, जनावरांच्या शेणाचे कण असतात. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम नीट धुवावी. डोंगरावर पिण्याचे पाणी चालेल, डबक्याचे किंवा टाक्यातले नको. मग पोव्हिडोन आयोडीनचे मलम आणि स्वच्छ पट्टी. पट्टी भिजली किंवा मळली की बदलावी.

आता आपल्या घरगुती उपायांबद्दल. दादी-नानींचा मान राखून सांगते. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरल्याने बाहेरची घाण आत जाते. बिब्ब्याने कातडी भाजते आणि खालची सूज झाकली जाते. काटा वर यावा म्हणून लावायचा रुईचा चीक हाताला लागतो आणि तोच हात डोळ्याला लागला तर दुसरे संकट उभे राहते. काट्याने काटा काढणे ही म्हण म्हणून छान आहे, पण बाभळीच्या मळक्या काट्याने जखम कोरणे म्हणजे जंतू आत पेरणे.

टीटी की टीडी?

"लोखंड तर लागले नाही, मग टीटी कशाला?" असे अनेक घरांत विचारतात. धनुर्वाताचा जंतू गंजात राहत नाही, तो मातीत आणि शेणात राहतो. त्यामुळे काट्याची खोल, अरुंद जखम त्याला आवडते.

सरकारी लसीकरणात बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, मग दीड-दोन वर्षांना आणि पाच-सहा वर्षांना धनुर्वाताची लस मिळते. नंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचा डोस असतो. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता हीच लस देतात. घटसर्पापासूनही ती संरक्षण देते.

अनेक घरांत दहा आणि सोळाचे डोस राहून जातात, कारण पोलिओसारखी त्यांची आठवण राहत नाही. मुलांचे लसीकरण कार्ड आजच काढून बघा. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी डोस घ्यावा. मातीची जखम झाली आणि शेवटचा डोस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, किंवा कधी घेतला ते आठवतच नसेल, तर लवकरात लवकर दवाखान्यात जाऊन विचारावे.

कधी थांबायचे नाही

काही काटे आपण काढायचेच नसतात. डोळ्यात, मानेत, छातीत रुतलेला काटा ओढू नका, सरळ रुग्णालयात जा. बोटाच्या सांध्यावर, गुडघ्यावर किंवा तळपायात खोल मोडलेला काटा सुईने कोरत बसू नका. टोक कातडीखाली स्पष्ट दिसत असेल तरच स्वच्छ सुईने वरची कातडी उचलून काढा.

डोळ्यात चीक गेला तर चोळू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला फारसे दुखले नाही तरी काही तासांनी दुखणे वाढू शकते आणि धूसर दिसू लागू शकते. 'बघू उद्या' म्हणू नका.

पुढच्या दिवसांत लाली पसरत जाणे, जागा गरम लागणे, पू येणे, ताप, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ, काखेत किंवा जांघेत गाठ, बोट वळवताना कळ येणे, ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या खाऊन हे दाबू नये.

आणखी एक गोष्ट. कधी कधी जखम भरल्यासारखी वाटते आणि काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते, फुटते, मग हातावर वर-वर एका ओळीत तशाच गाठी येतात. हा मातीतल्या आणि झाडावरच्या बुरशीचा आजार असू शकतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने तो जात नाही, त्याचे औषध वेगळे असते. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर आठवणीने सांगा, "महिन्यापूर्वी काटा लागला होता." एक्स-रेमध्ये झाडाचा काटा बहुधा दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

मधुमेही बुजुर्गांसाठी

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळल्यावर घरात समजते. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, पाय धुतो. मग त्यातल्या एका वेळी उजेडात बसून तळपाय, टाचा आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहायची सवय लावावी. नजर कमी असेल तर नातवंडांनी पाहावे. मधुमेही व्यक्तीच्या पायात काटा मोडला असेल तर तो घरी कोरू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

पिशवीत काय असावे

बारीक चिमटा, कंगवा, साबणाची वडी, गॉज आणि चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनची छोटी ट्यूब, स्पिरिटचा बोळा, पिण्याव्यतिरिक्त एक लिटर जास्तीचे पाणी. सगळे मिळून एका डब्यात मावते.

चढताना चपला नकोत, बंद बूट हवेत. सलवार-पँट घोट्यापर्यंत असावी. बुरखा आणि ओढणीचे सुटे पदर आवरून घ्यावेत, तेच आधी काट्यात अडकतात. आधारासाठी झाड न धरता दगड धरावा आणि बसण्यापूर्वी जागा पाहावी. मुलांना रांगेत पुढच्यापासून हातभर अंतर ठेवायला सांगावे, म्हणजे सुटलेली फांदी मागच्याच्या तोंडावर येत नाही.

रस्त्यातला काटा बाजूला करणे हीसुद्धा नेकी आहे, हे आपण मुलांना अगदी लहानपणी शिकवतो. माझ्या शाळेत आता सहलीच्या आदल्या दिवशी एक तास याच विषयाचा असतो. मुले एकमेकांच्या हातावर चिमटा कसा धरायचा ते शिकतात. आणि सहलीहून परतल्यावर ज्याला काटा लागला असेल त्याच्या घरी चिठ्ठी जाते. काटा कुठे लागला, पूर्ण निघाला की मोडला, आणि टीडीचा डोस कधी झाला होता ते विचारा. चार ओळींची चिठ्ठी. दोन वर्षांपूर्वी मी ती लिहिली असती तर एका मुलाची मूठ आज पूर्ण वळली असती.