खत शेतात, पाणी निर्मळ

शेणखत हे शेतीचे धन होय. परंतु पिकाच्या गरजेहून अधिक घातलेले खत वाया जाते. शेणखत कुजताना त्यातील नत्राचे नायट्रेट बनते. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवू शकत नाहीत. त्यामुळे ते पावसाच्या व ओलिताच्या पाण्याबरोबर झिरपून भूजलात मिसळते. चंडीगढ ज्यांची राजधानी आहे, त्या पंजाब व हरियाणातील रेताड जमिनींत हा धोका अधिक असतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. उकळल्याने ते नाहीसे होत नाही. असे पाणी वरच्या दुधात मिसळल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

यावर उपाय शेतातच आहेत. माती तपासून खताची मात्रा ठरवावी. शेणखतातून मिळणारे नत्र हिशेबात धरून तितका युरिया कमी करावा व उरलेला हप्त्यांनी द्यावा. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने भातासाठी शिफारस केलेल्या पर्णरंगपट्टीशी पानाचा रंग ताडून पाहिल्यास युरिया केव्हा द्यावा, हे कळते. पाणी बेताने द्यावे. कापणीनंतर शेत उघडे न ठेवता लगेच दुसरे पीक घ्यावे. त्याची मुळे उरलेले नत्र शोषून घेतात. अशा रीतीने खर्च वाचतो आणि गावाचे पाणीही निर्मळ राहते.