चिडखोर मूल : शिक्षेपूर्वी तपासणी हवी

मालवण, वेंगुर्ले परिसरात जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावताराचे प्रयोग रात्रभर रंगतात. दुसऱ्या दिवशी वर्गात एखादे मूल क्षुल्लक कारणावरून भांडले, तर शिक्षकांना त्याचे नवल वाटत नाही. पुरेशी झोप मिळाली की ही चिडचिड ओसरते. काही मुलांच्या बाबतीत मात्र ती महिनोन् महिने टिकून राहते. अशा मुलाला ‘तापट’ ठरवून कोठे छडी दिली जाते, तर कोठे त्याची दृष्ट काढली जाते. मूळ कारण दडूनच राहते आणि मूल हळूहळू शाळेपासून व सवंगड्यांपासून दुरावते.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली अशा सततच्या चिडखोरपणाची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली. आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक वेळा रागाचा उद्रेक, एरवीही जवळजवळ रोज चिडलेली मनःस्थिती, आणि हे सारे घर, शाळा, सवंगडी यांपैकी किमान दोन ठिकाणी वर्षभर चाललेले, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. निदान अर्थातच डॉक्टरांनी करावयाचे असते.

प्रत्येक चिडखोर मूल या विकाराने ग्रस्त असते असे नाही. रक्तक्षय, अपुरी झोप, दातदुखी किंवा कमी ऐकू येणे, वाचन-लेखनातील अडचण, मनातील भीती यांमुळेही मूल चिडचिडे होते. मुलांमधील नैराश्य पुष्कळदा दुःखाऐवजी रागाच्या रूपाने प्रकट होते. पावसाळ्यात मासेमारी बंद राहून घरची मिळकत थांबली, तर वडीलधाऱ्यांच्या मनावरील ताणही मुलापर्यंत पोहोचतो.

उद्रेकाच्या वेळी उपदेश व्यर्थ ठरतो. मुलाला इजा होणार नाही एवढी काळजी घेऊन मोजक्या शब्दांत, शांतपणे बोलावे. समजावणे नंतर करावे. आरडाओरड केल्याने हवी ती वस्तू मिळते, असा अनुभव मुलाला येऊ देऊ नये. आई-वडील, आजी-आजोबा व शिक्षक यांचे नियम थोडे व एकसारखे असावेत. खेळ थांबवावयाचा असल्यास पाच मिनिटे आधी सूचना द्यावी. मुलाने राग आवरला की त्याच क्षणी कौतुक करावे. उद्रेक केव्हा व कशानंतर झाला, याची नोंद ठेवल्यास डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी व शाळांतील बालकांची तपासणी करतात. शिक्षकांनी अशा मुलांची माहिती पथकास आवर्जून द्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर ‘टेली-मानस’ सेवा अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. मूल मरणाची भाषा बोलू लागले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर मात्र विलंब न लावता त्यास रुग्णालयात न्यावे.

ग्रामपंचायत सदस्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घेतल्यास, घरात संकोचाने दडविली जाणारी ही अडचण वेळीच डॉक्टरांपर्यंत पोहोचू शकेल.